महालातलं बिनपाटीचं लाइटचं दुकान

नाटकाचे लाइट भाड्याने देणाऱ्या या दुकानाला पाटी नाही. त्यामुळे फोनवरच्या नकाशात ते सापडत नाही आणि आजवर त्याला कुणी एकही तारा दिलेला नाही. नागपूरच्या महाल भागात गाडी लावून पाच मिनिटं पायी जावं लागतं. नागपुरात हौशी नाटक करणाऱ्या कुणालाही "काकांकडचे लाइट" एवढं म्हटलं की तो तुम्हाला बरोबर शटरपर्यंत आणून सोडतो. मी पंधरा वर्षं तिथून सामान नेते आहे, आणि त्या पंधरा वर्षांतली पहिली तीन मी तिथे सामान नेण्यापेक्षा पुसण्यातच जास्त घालवली.

दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी मला गाठून विचारतं, "ताई, नाटकाच्या लाइटमध्ये यायचं आहे, कोर्स कुठे करू?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे पदवी नसते, बाहेरगावी राहून शिकायची ऐपत नसते. मीही तशीच होते. बी.कॉम.चं दुसरं वर्ष सुटलेलं, दिवसभर मानेवाड्यात झेरॉक्सच्या दुकानात काम, संध्याकाळी तालमीला जाऊन पडदा ओढायचा आणि सगळ्यांना चहा आणायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशाला पदवी लागते हे मला कळलं तेव्हा माझी पदवी सुटून वर्ष झालं होतं. विचारणाऱ्या सगळ्यांना मी या दुकानाचा पत्ता देते. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी दुकान. अरुंद आणि खोल आहे, आत शेवटपर्यंत गेलं की दुपारीही दिवा लावावा लागतो. डाव्या हाताला लोखंडी फळ्या, त्यांवर पार कॅन रचलेले, चाळीसेक असतील. हे म्हणजे काळे डबे, आत १००० वॅटचा हॅलोजन. वरच्या फळीवर फ्रेनेल, म्हणजे कडा नसलेला उजेड देणारे दिवे, गेल्या शनिवारपर्यंत सहा होते. त्यांच्या खाली स्पॉट: चार प्रोफाइल (यांच्या उजेडाला कडा असते), एक जुना फॉलो स्पॉट (नटाच्या मागे फिरवायचा). उजवीकडे खिळ्यांना केबलच्या गुंडाळ्या लटकलेल्या, प्रत्येकीला रंगीत चिकटपट्टी: लाल म्हणजे पाच मीटर, पिवळी दहा, निळी वीस. मागच्या टेबलावर डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि ते चालवायचे दोन बोर्ड. गेल्या सहा-सात वर्षांत वीस एलईडी पार आणि ते चालवायचा कन्सोलही आला आहे. जिलेटिन पेपर, म्हणजे दिव्यापुढे लावायचे रंगीत पारदर्शक कागद, वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेले असतात, प्रत्येक घडीवर पेन्सिलने रंगाचं नाव. अंबरची, म्हणजे पिवळट केशरीची, घडी सगळ्यांत जाड असते. नवीन मंडळं अंबरच मागतात, असं काका, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणतात.

भाडं एका दिवसाचं: हॅलोजन पार ८० रुपये, फ्रेनेल १५०, प्रोफाइल ३००, एलईडी पार २००, डिमर आणि बोर्ड मिळून ६००. दोन अंकी साध्या नाटकाला मी बारा पार, चार फ्रेनेल आणि डिमर घेते. त्याचे २१६० होतात, वर टेम्पोचे ७०० वेगळे. हौशी मंडळाला हे परवडतं. लग्नाच्या सजावटीवाल्यांकडे मी एकदा चौकशी केली होती, तिथे एवढ्याच सामानाचा आकडा याच्या दुपटीच्या वर गेला आणि सोबत डिमरही नव्हता. डिमर नसेल तर नाटकाला लाइट घेऊन उपयोग काय? नाटकात उजेड यायला हवा आणि जायलाही हवा, नुसता पेटून चालत नाही.

भाडं कमी आहे म्हणून मी हे लिहीत नाहीये. या दुकानात हात लावू देतात, आणि माझ्यासाठी सगळं त्यातच आलं.

पहिल्यांदा गेले तो नोव्हेंबर होता. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची तयारी चालली होती. लाइट करणारे दादा तापाने पडले आणि आमच्या मंडळाच्या सरांनी यादी माझ्या हातात देऊन पिटाळलं. काका एका फ्रेनेलचा बल्ब बदलत बसले होते. त्यांनी खोक्यातून नवा बल्ब काढून टेबलावर ठेवला आणि पान्याकडे वळले. मदत करावी म्हणून मी तो उचलायला गेले.

"थांब. हात नको लावू. फडकं घे."

मग मला स्टुलावर बसवून त्यांनी कारण सांगितलं. त्या बल्बची काच साधी नसते, क्वार्ट्झची असते, कारण आतलं तापमान साधी काच सोसत नाही. आपल्या बोटांना तेल असतं, डोळ्यांना दिसत नाही एवढं. ते काचेला लागलं की बल्ब पेटल्यावर नेमकी तेवढीच जागा जास्त तापते, काच तिथे दुधी होते, फुगते आणि कधीतरी प्रयोग चालू असताना बल्ब फुटतो. फळीवरून त्यांनी एक जळका बल्ब काढून दाखवला. त्याच्या अंगावर खरंच एक पांढुरका फोड आला होता, अंगठ्याच्या टोकाएवढा. "हा अंगठा कोणाचा होता ते मला माहीत आहे," काका म्हणाले. नाव त्यांनी सांगितलं नाही. पुढे मला सुती फडक्यात बल्ब धरून होल्डरमध्ये बसवायला लावला. माझा हात थरथरत होता. त्यांनी घाई केली नाही, फोन वाजला तोही उचलला नाही.

त्या दिवशी जाताना मी विचारलं, "काका, दुपारी काम नसताना येऊन बसले तर चालेल का?" ते म्हणाले, "बसून काय करशील? पुसायला येजो."

आणि मी पुसायला गेले. झेरॉक्सच्या दुकानात दीड तासाची जेवणाची सुट्टी असायची, सायकलने मी महालात जायची. दर प्रयोगानंतर लाइट धूळ खाऊन परत येतात. ते उघडायचे, परावर्तक आणि काच कोरड्या कापडाने पुसायची, तारेचं आवरण तडकलेलं आहे का बघायचं, अर्थची तार जागेवर आहे का बघायची, स्क्रू आवळायचे. दोन महिन्यांत मी डोळे मिटून पार उघडायला लागले. फ्रेनेलच्या भिंगावर वर्तुळं का असतात ते काकांनी पुसता पुसता सांगितलं: फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहासाठी ते भिंग काढलं, कारण तेवढं मोठं अखंड भिंग फार जाड आणि जड झालं असतं. जाडी काढून टाकली आणि वळणं तेवढी ठेवली. त्याच्या उजेडाला कडा नसते, म्हणून दोन फ्रेनेल एकमेकांत मिसळतात आणि नट एका उजेडातून दुसऱ्यात गेलेला कळत नाही. प्रोफाइलला कडा असते, म्हणून खिडकी किंवा दाराची चौकट दाखवायची तर तो घ्यायचा. आत्ता चार ओळींत लिहिलं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरायला एक अख्खा पावसाळा लागला, कारण काका सांगून थांबत नसत. शटर अर्धं खाली ओढून अंधार करायचे, भिंतीवर दोन्ही पाडून दाखवायचे आणि मग कोणता कुठला ते मला ओळखायला लावायचे.

याच्या दुसऱ्या वर्षी मी शहरातल्या एका संस्थेत २२ हजार रुपये भरून सहा महिन्यांचा नाट्यकोर्स केला. पैसे आईच्या भिशीचे होते. प्रकाशयोजनेला तीन तास मिळाले, तेही फळ्यावर. दिव्याचं चित्र काढून बाण दाखवले. खरा दिवा कधी वर्गात आलाच नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. ते आजवर मला कुणीही मागितलेलं नाही, आणि आईची भिशी फिटायला दीड वर्ष लागलं. कोर्स वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पुण्या-मुंबईत विद्यापीठाचे नाट्यविभाग आहेत, तिथून शिकून आलेल्या लोकांबरोबर मी काम केलं आहे, त्यांची नजर वेगळीच असते. मला म्हणायचं ते एवढंच: पैसे भरण्याआधी विचारा, हातात काय देणार?

आता माझी चूक, कारण या दुकानाची खरी पारख मला त्यातूनच झाली. दुसऱ्याच वर्षी एका छोट्या सभागृहात मी पहिल्यांदा एकटीने लाइट केले. एकाच सोळा अँपियरच्या लाइनवर डिमरमधून पाच पार लावले. पहिला अंक संध्याकाळचा होता, सगळे पार निम्म्यावर, काही झालं नाही. दुसऱ्या अंकात दुपारचा प्रसंग, मी पाचही पूर्ण वर नेले. दहा-बारा मिनिटं झाली आणि एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, पडला. रंगमंचावर आई मुलाला घराबाहेर काढते आहे आणि अख्खा अंधार. त्या नटीने अंधारातच वाक्य पूर्ण केलं, आवाज तसूभरही हलू दिला नाही. मी मात्र बोर्डामागे थिजून उभी होते.

दुसऱ्या दिवशी सामान परत करायला गेले. लाइन बंद पडल्याचं काकांना आधीच कळलेलं होतं.

"काहून लावले पाच?"

"पहिल्या अंकात तर चालले, काका."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडला. १००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे एका पारला साधारण ४.३५ अँपियर. तीन लावले तर १३. चार लावले की १७ च्या वर. पाच म्हणजे जवळजवळ २२. "सोळाच्या लाइनवर बावीस मागितले तू. एमसीबी लगेच नाही पडत. थोडा जास्त भार असला की तो तापत राहतो आणि मग पडतो. तुला वाटतं चालून राहिलं, आणि तो आत मोजून राहिला असतो." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता बारा पारचा हिशेब कर. तीन फेजवर वाटून दाखव. मग लाइट नेजो." फेज म्हणजे सभागृहात येणाऱ्या विजेच्या तीन वेगळ्या तारा. मी हिशेब मांडला. पहिला चुकला, दुसरा बरोबर आला. तो कागद अजून माझ्या बोर्डाच्या पेटीत आहे, त्यावर चहाचा गोल डाग पडला आहे. ठरलेल्या भाड्यापेक्षा एक रुपयाही त्यांनी जास्त घेतला नाही.

ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दिवे कुठे लावायचे, किती वर न्यायचे, कोणता रंग घालायचा, हे करायला कुठलाही कागद लागत नाही. पण सभागृहाच्या मेन पॅनेलवर हात घालायला परवानाधारक वायरमन लागतो, आणि ते बरोबरच आहे. मी आजही पॅनेल उघडत नाही. हॉलच्या वायरमनला बोलावते, माझा फेजचा हिशेब कागदावर लिहून त्यांच्या हातात देते आणि जोडणी त्यांच्याकडूनच करून घेते. पहिल्यांदा मुलगी बघून काहीजण हसायचे. कागदावरचे आकडे वाचले की हसणं थांबायचं.

या दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. दुपारी दोन ते पाच शटर बंद, आणि आपल्या मे महिन्यात तर सकाळी अकरानंतर जायचंच नाही. व्यवहार रोख, पावती मागितली तर मिळते पण काकांच्या हस्ताक्षरात, आणि ती शाळेच्या कार्यालयात चालत नाही. शाळांची कामं करणाऱ्यांना हा मोठा त्रास आहे. निम्म्या पारना रंगाची चौकट नाही, जिलेटिन तारेने बांधावं लागतं. एका डिमरचा चौथा चॅनेल शून्यावर ठेवला तरी किंचित पेटलेला राहतो, आणि ते त्यांना माहीत असूनही दुरुस्त झालेलं नाही. त्या चॅनेलवर मी फक्त प्रेक्षागृहाकडचा एखादा दिवा ठेवते. सगळ्यांत मोठी तक्रार डिसेंबरची. शाळांची स्नेहसंमेलनं, स्पर्धा आणि लग्नं एकदम येतात आणि तोंडी दिलेला शब्द मागे पडतो. तीन वर्षांपूर्वी बालनाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री माझा कन्सोल एका लग्नाला गेला होता. मुलांनी दोन महिने तालीम केलेली. मी रात्री साडेदहाला काकांच्या घरी गेले आणि रडले. कन्सोल लग्नाच्या मांडवातून परत आणला गेला, पहाटे दीडला. पण ती रात्र मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून आधी पैसे देऊन वहीत लिहून घेतल्याशिवाय मी घरी येत नाही. तुम्हीही तसंच करा.

ती वही जाड आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. चार रकाने: तारीख, सामान, मंडळ आणि कोणाच्या जबाबदारीवर. पहिली तीन वर्षं माझ्या हाताने नेलेल्या सामानापुढे सरांचं नाव असायचं. चौथ्या वर्षी एका एकांकिकेसाठी आठ दिवे नेत होते, काकांनी पेन उचललं आणि न विचारता शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी काहीच बोलले नाही, टेम्पोत मागे दिव्यांजवळ बसले आणि धंतोलीपर्यंत ती ओळ डोळ्यांपुढून हलली नाही. नागपुरात यानंतर कुणी माझी पात्रता विचारली की मी सांगते, काकांना फोन करा.

कामं कशी मिळतात हे लोक विचारतात. पहिली तीन वर्षं मला बसभाड्यापलीकडे काही मिळालं नाही, आणि ते मी लपवत नाही. मग प्रयोगाला पाचशे. आज हौशी मंडळाकडून मी चार हजार घेते, शाळेच्या संमेलनाचं सामानासकट ठरवते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्य नाट्य स्पर्धा. तिथे प्रकाशयोजनेला वेगळं पारितोषिक असतं, आणि त्या यादीत नाव आलं की पुढच्या वर्षी फोन यायला लागतात. डिसेंबर-जानेवारी शाळा. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने वस्त्यांमधली नाटकं आणि जलसे. तिथले पैसे कमी, पण प्रेक्षक असे की पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. गणपती आणि नवरात्रात सोसायट्या. नुसत्या नाटकावर घर चालायला मला आठ वर्षं लागली. तोवर झेरॉक्सचं दुकान होतं. त्याची लाज वाटण्यासारखं काही नाही. या शहराचं मोठं नाटक पोटाचा उद्योग सांभाळूनच झालं आहे. महेश एलकुंचवार इथेच इंग्रजी शिकवत होते, पुरुषोत्तम दारव्हेकरांना तर सगळं नागपूर मास्तर म्हणूनच ओळखायचं.

आणि झाडीपट्टी. दिवाळी झाली की वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्रभर नाटकं चालतात. तिथली रंगभूमी कुणाच्या प्रमाणपत्रावर उभी राहिलेली नाही, गावाने उभी केली आहे. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा काकांनी दुकानात पेढे वाटले. मी दोन हंगाम वडशाला जाऊन राहिले, उमरेड-भिवापूर-नागभीडमार्गे एसटीने. तिथे शिकले ते नागपूरच्या कुठल्याच सभागृहात शिकता आलं नसतं. जनरेटर लांब, केबल बारीक, रात्री दोननंतर व्होल्टेज उतरायला लागतं. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो आणि पिवळा पडतो. नायिकेची पांढरी साडी हळदीची दिसायला लागते. काकांना फोन केला. ते म्हणाले, केबल जाड घे, जनरेटर जवळ आण, आणि नसेल जमत तर रात्रीचे प्रसंग त्या पिवळ्यात बसव, सकाळचा प्रसंग एलईडीवर घे. तसंच केलं.

एलईडीच्या बाबतीत दुकान मागे नाही, पण काकांपेक्षा तिथे काम करणारा भाऊ त्यात हुशार आहे. त्यालाही कुठला कोर्स नाही, यंत्रासोबत आलेली पुस्तिका वाचून तो शिकला. कन्सोलचा हुकूम नेमक्या दिव्याला पोचावा म्हणून प्रत्येक दिव्याला पत्त्याचा आकडा द्यावा लागतो: आठ चॅनेलचा पार असेल तर पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ९, तिसऱ्याचा १७. दोघांना एकच पत्ता दिला तर दोघं एकच हुकूम ऐकतात. एका वायरीवर असे ५१२ चॅनेल बसतात. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर (वायरीच्या टोकाला लावायचा रोधक) लावायला विसरलं की दिवे मधेच थरथरायला लागतात, आणि नवीन मुलं दिव्यालाच दोष देतात. भाऊ टर्मिनेटर न मागता पिशवीत घालून देतो. तो परत करा, दुकानात चारच आहेत.

एक नाटक सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. सावनेरकडच्या कोळसा खाणीतल्या कामगारांवर आमच्या गटाने स्वतः नाटक लिहिलं होतं. शेवटी खाणीत पाणी शिरतं. पाणी दाखवायचं कसं? पडद्यावर चित्रफीत टाकायचे पैसे नव्हते, आणि मला ते नकोही होतं. काकांनी बंगाली प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं नाव घेतलं. कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९५९ साली उत्पल दत्तांच्या नाटकात त्यांनी खाणीत पाणी भरत जातं हे नुसत्या उजेडाने दाखवलं होतं. काकांनी ते पाहिलं नव्हतं, तरुणपणी धनवटे रंगमंदिरात पडदे ओढायचे तेव्हा कलकत्त्याहून आलेल्या एका नटाकडून ऐकलं होतं. "त्यांनी कसं केलं ते मला माहीत नाही. आपण आपलं शोधू."

मग काकूंची जेवणाची मोठी परात आली. तिच्यात फुटलेल्या आरशाचे तुकडे ठेवले, वर चार बोटं पाणी. विंगेत परात जमिनीवर ठेवून तिच्यावर तिरपा प्रोफाइल मारला. शटर अर्ध्यावर ओढून आम्ही भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पाणी हलत होतं. भाऊने परातीच्या काठाला बोटाने हलकेच टिचकी मारली, आणि ती लहर भिंतीवर वर वर चढत गेली. कोणीच काही बोललं नाही. प्रयोगात मी प्रोफाइल हळूहळू वरच्या बाजूला वळवत गेले, लहर आधी कामगारांच्या गुडघ्यांवर, मग छातीवर, मग टोपीवरच्या दिव्यांवर. मागच्या रांगेतला एक माणूस उठून उभा राहिला. नंतर कळलं, तो खाणीतलाच होता. त्या वर्षी नागपूर केंद्रावर मला प्रकाशयोजनेचं दुसरं पारितोषिक मिळालं. परात काकूंना परत गेली, आरशाच्या ओरखड्यांसकट.

कुणी पहिल्यांदा जाणार असेल तर, मे महिना सोडून, सकाळी साडेअकरानंतर किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. सोबत सुती फडकं न्या. आपल्याला काही येतं असं दाखवू नका आणि येत नाही म्हणून लाजूही नका. सामान परत करताना केबल कोपराभोवती गुंडाळू नका, त्याने आतली तार पिळली जाते. एक वेढा वरून, एक खालून, असा सैल गोल करा. तुम्ही कोण आहात हे काका केबलवरून ओळखतात.

आता शेवटची गोष्ट, कारण वेळ थोडा आहे. काकांच्या मुलाने दुकान हातात घ्यायला सुरुवात केली आहे. मुलगा चांगला आहे, पावत्या आता छापील मिळणार आहेत. पण हॅलोजनचे बल्ब मिळणं अवघड होत चाललं आहे, वीजही जास्त खातात, म्हणून जुने दिवे भंगारात काढायचं त्याच्या मनात आहे. पारबद्दल माझी तक्रार नाही. फ्रेनेल मात्र जायला नकोत. हॅलोजन हळूहळू खाली नेला की तो लाल होत होत विझतो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. आपल्याला परवडणारे एलईडी खाली नेले की नुसते मंद होतात, रंग बदलत नाहीत. तो वेगळा घालावा लागतो आणि डोळ्याला ते कळतं. आईच्या मरणाचा प्रसंग मी अजूनही दोन जुन्या फ्रेनेलशिवाय करू शकत नाही.

मी सहाही विकत मागितले. काकांनी एकाचे ३५०० सांगितले, आणि सगळे एकदम घ्यायची सक्ती केली नाही. पहिला ७ हजारांचा हप्ता गेल्या शनिवारी दिला. दोन माझ्या घरी आले आहेत, पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून. उरलेले चार दिवाळीपर्यंत वरच्या फळीवरच राहतील आणि भाड्याने मिळतील, दर तोच, १५०. डावीकडून दुसऱ्याचं भिंग सैल आहे, नेताना पेटी आडवी ठेवू नका.